मानसशास्त्राचा जन्म १८७९ साली झाला, एवढंच शिकवून थांबू नका



'मानसशास्त्राचे जनक कोण?' हा प्रश्न तुम्ही आजवर कितीदा सोडवला असेल! डी.एड., बी.एड., टीईटी, अकरावीचा मानसशास्त्राचा पहिला धडा, सगळीकडे तो भेटतो. उत्तर ठरलेले आहे: विल्हेल्म वुंट. पुढचा प्रश्नही ठरलेला: पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा कोठे व कधी सुरू झाली? जर्मनीत, लाइपझिग येथे, १८७९ साली. दोन प्रश्न, दोन गुण, आणि आपण पुढच्या घटकाकडे वळतो.

उत्तर बरोबर आहे, गुण मिळायलाच हवेत. पण १८७९ पासून सुरुवात करून मानसशास्त्र शिकवले, की त्याच्या मागचे दोन हजार वर्षांचे प्रश्न गळून पडतात आणि हातात उरतात फक्त नावे, सनावळ्या आणि व्याख्या. हे नुसते पाठांतराचे दुखणे असते तर मी लेख लिहिला नसता. अडचण अशी आहे, की प्रश्न गळून पडले तरी त्यांची उत्तरे आपण रोज वर्गात देतच असतो. 'हा मुळातच ढ आहे हो', 'मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा', 'छडी दाखवल्याशिवाय यांना कळत नाही', 'डोकं आहे, पण लक्ष नाही'. स्टाफरूममधली ही वाक्ये जरा ऐका. प्रत्येकामागे कोणते ना कोणते तत्त्वज्ञान उभे आहे. बोलणाऱ्याला ते माहीत नसते, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे: मानसशास्त्राचा इतिहास सनावळीतून नव्हे, प्रश्नांतून शिकवला पाहिजे. आणि शिक्षकाने तर तो तसाच शिकला पाहिजे.

चार पायऱ्यांचा जिना

आपल्या गाइडमध्ये एक जिना हमखास असतो. मानसशास्त्र आधी आत्म्याचे शास्त्र होते, मग मनाचे झाले, मग जाणिवेचे आणि शेवटी वर्तनाचे. लक्षात ठेवायला सोपा, उत्तरपत्रिकेत छान दिसतो. पण तो एक चुकीची समजूत करून देतो. जणू प्रत्येक पायरीवर आधीचे सगळे फेकून दिले आणि शेवटी आपण 'खऱ्या' शास्त्रापर्यंत पोचलो!

तसे झालेले नाही. वॉटसनने १९१३ साली मानसशास्त्रातून 'जाणीव' हा विषय हद्दपार करावा असे मांडले खरे. पण १९५० नंतर स्मृती, अवधान, विचार हे विषय बोधात्मक मानसशास्त्राच्या रूपाने सन्मानाने परत आले. म्हणजे जिना सरळ वर गेलाच नाही. जुने प्रश्न पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिले. माझ्या मते त्यांतले तीन प्रश्न मुख्य आहेत. ज्ञान आतून येते की बाहेरून? मन आणि शरीर यांचा संबंध काय? आणि मन मोजता येते का? एकेक पाहू.

पहिला प्रश्न: ज्ञान आतून की बाहेरून?

प्लेटोचा 'मेनो' नावाचा संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला बोलावतो. मुलगा भूमिती शिकलेला नाही. सॉक्रेटिस जमिनीवर २ फूट बाजूचा चौरस काढतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यावी? मुलगा म्हणतो, दुप्पट, म्हणजे ४ फूट. काढून पाहिले तर क्षेत्रफळ ८ ऐवजी १६ होते. मग तो ३ फूट म्हणतो. तेव्हा ९ येते. मुलगा अडतो. आणखी काही प्रश्न विचारल्यावर त्याला दिसते, की मूळ चौरसाच्या कर्णावर चौरस काढला की काम झाले.

सॉक्रेटिसचा निष्कर्ष: ज्ञान आत्म्यात आधीच असते, शिकणे म्हणजे त्याची आठवण होणे. आज आपल्याला हा निष्कर्ष पटणार नाही. पण चूक करू देणे, अडू देणे आणि मग नेमका प्रश्न विचारणे ही पद्धत आपण आज ज्ञानरचनावाद म्हणून प्रशिक्षणात शिकतो, तिच्या किती जवळची आहे बघा.

प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल मात्र अनुभवाकडे वळला. आत्म्यावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि स्मरणावरच्या लेखनात सांगितले, की एक गोष्ट आठवली की तिच्यासारखी, तिच्या विरुद्ध किंवा तिच्या शेजारची गोष्ट आठवते. साम्य, विरोध आणि सान्निध्य हे साहचर्याचे नियम तुम्ही पाठ केले असतील. त्यांचे मूळ इथे, चौथ्या शतकात, तेही इसवी सनापूर्वीच्या!

पुढे इंग्लंडमध्ये जॉन लॉक हाच धागा उचलतो. १६९० च्या त्याच्या ग्रंथात तो मनाला कोऱ्या कागदाची उपमा देतो आणि त्यावरचा सारा मजकूर अनुभव लिहितो असे म्हणतो. आपली 'कोरी पाटी' ती हीच. पण एक गोष्ट गाइडमध्ये नसते. याच लॉकने १६९३ साली शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यात माणसे बहुतांशी शिक्षणाने घडतात असे तो म्हणतो, आणि त्याच पुस्तकात प्रत्येक मुलाचा स्वतःचा स्वभाव ओळखून मगच त्याला शिकवा, असेही बजावतो. म्हणजे 'कोरी पाटी'वालाही पाटीचा पोत तपासायला सांगत होता.

लॉकला उत्तर दिले जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने. त्याची उपमा संगमरवराची आहे. दगडात आधीच शिरा असतात; शिल्पकाराला छिन्नी चालवावी लागतेच, पण शिरा कुठे आहेत त्यावर मूर्ती कशी निघेल हे अवलंबून असते. लॉक १७०४ मध्ये वारला म्हणून लाइब्निझने हे उत्तर छापलेच नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर, १७६५ मध्ये बाहेर आले.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या वर्गाशी काय संबंध? आहे, आणि थेट आहे. बाहेरून आलेल्या अनुभवाला मन आपल्याजवळच्या साठ्यात सामावून घेते, या अर्थाची संकल्पना लाइब्निझच्या शब्दावरून पुढे हर्बार्टने विकसित केली. नवे ज्ञान जुन्या ज्ञानाला जोडले गेले तरच टिकते, हा त्याचा सिद्धांत. आणि पाठटाचणातली पंचपदी? तीही हर्बार्टच्याच नावाने चालते. खरे तर त्याच्या पायऱ्या चार होत्या. त्यांच्या पाच केल्या त्याच्या अनुयायांनी, झिलर आणि राइन यांनी. सराव पाठाच्या वेळी 'पूर्वज्ञानावर आधारित प्रश्न' हा रकाना आपण भरतो, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीच्या वादातली एक बाजू घेत असतो. पण किती जणांना हे सांगितले जाते? रकाना भरायचा म्हणून भरला जातो, आणि 'काल आपण काय शिकलो?' एवढ्यावर भागते. कारण माहीत नसले की पद्धतीचा विधी होतो, तो असा.

दुसरा प्रश्न: मन आणि शरीर

रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये मानली. शरीर जागा व्यापते, यंत्रासारखे चालते. मन जागा व्यापत नाही, विचार करते. मग मनात आले की हात कसा उचलला जातो? हा प्रश्न त्याला १६४३ साली पत्रातून विचारला बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. ज्याला आकार नाही, जे स्पर्श करू शकत नाही, ते शरीराला ढकलणार कसे? देकार्तने पुढे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत ही भेट होते असे उत्तर दिले, पण शंका फिटली नाही. मानसशास्त्राच्या इतिहासात नाव सहसा देकार्तचे येते, एलिझाबेथचे नाही. वर्गात हे अवश्य सांगा, विशेषतः मुलींना.

हाच वाद आपल्याकडेही जोरात चालला होता. चार्वाक म्हणत, महाभूते विशिष्ट प्रकारे एकत्र आली की चैतन्य निर्माण होते, जशी आंबवलेल्या पदार्थांत नशा येते. बौद्धांनी कायमचा आत्माच नाकारला. न्याय दर्शनाने मनाला एक सूक्ष्म अंतरिंद्रिय मानले, आणि त्यासाठी दिलेला युक्तिवाद मला आजही आवडतो. डोळ्यांसमोर, कानांवर, त्वचेवर एकाच वेळी कितीतरी गोष्टी येतात, पण ज्ञान एका वेळी एकाचेच होते. म्हणजे इंद्रियांच्या पलीकडे काहीतरी असले पाहिजे, जे एका वेळी एकाच इंद्रियाला जोडले जाते. तेच मन. 'फळ्यावरचं लिहून घ्या आणि मी सांगतो ते ऐका' असे एका दमात सांगणाऱ्या आपण सगळ्यांनी हा युक्तिवाद एकदा नीट वाचावा!

इथे एक सावधगिरी हवी. 'सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं' असे म्हणून टाळी घेणे सोपे आहे. पण त्याने नैयायिकांचाही मान राहत नाही. त्यांनी अनुभव आणि तर्काच्या आधारे वाद घातला. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडून मग खोडले. प्रयोगशाळेतले मोजमाप त्यांनी केले नव्हते, तसा त्यांचा दावाही नव्हता. आपण त्यांच्याकडून घ्यायची ती वाद घालण्याची ही शिस्त.

तिसरा प्रश्न: मन मोजता येते का?

आता आपण १८७९ च्या जवळ येतो. १७८६ साली कांटने लिहिले, की मानसशास्त्र खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकणार नाही, कारण आतल्या अनुभवांना गणित लावता येत नाही. गंमत पाहा, कोनिग्झबर्गमध्ये कांट ज्या अध्यासनावर होता, त्याच अध्यासनावर १८०९ मध्ये आपला हर्बार्ट आला आणि त्याने मनाचे गणित मांडायचा घाट घातला. गणित मांडले, पण प्रयोग शक्य नाही असे तोही म्हणाला.

मग प्रयोग आले. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. तो वेग सेकंदाला तीसेक मीटर निघाला. हा वेग मोजताच येणार नाही, असे त्याचे गुरू योहानेस म्युलर मानत होते! वेबरने वजने उचलायला लावून दाखवले, की फरक जाणवायला तो मूळ वजनाच्या ठराविक हिश्श्याइतका, साधारण चाळिसाव्या भागाइतका, असावा लागतो. फेख्नरने त्यावरून संवेदनेचे सूत्र काढले आणि १८६० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. पण मन आणि शरीर ही एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत हे त्याला सिद्ध करायचे होते. म्हणजे मोजमाप त्याच्यासाठी देकार्तच्या कोड्याचे उत्तर होते.

आणि वुंट? वैद्यकाची पदवी घेतलेला, हेल्महोल्ट्झचा काही काळ साहाय्यक. पण १८७५ साली तो लाइपझिगला आला तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून. प्रयोगशाळेतले संशोधन छापायला त्याने नियतकालिक काढले, त्याचे नाव ठेवले 'तत्त्वज्ञानविषयक अभ्यास'. १९१३ मध्ये जर्मनीत मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे विभाग वेगळे करण्याचा वाद पेटला, तेव्हा हा 'जनक' विभक्त होण्याच्या विरोधात उभा राहिला. तत्त्वज्ञानाची साथ सुटली तर मानसशास्त्रज्ञ निव्वळ कारागीर होतील, अशी त्याची भीती होती.

ज्याच्या नावाने आपण मानसशास्त्राची तत्त्वज्ञानापासून वाटणी झाली असे शिकवतो, त्यालाच ती वाटणी नको होती. एका गुणाच्या प्रश्नात हे मावत नाही.

हत्यार हाती आले, विचार मागे राहिला

वुंटची भीती खरी ठरली का? माझ्या मते, एका बाबतीत नक्कीच. आणि ती बाब आपल्या शाळेशी थेट जोडलेली आहे.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांच्यासाठी वेगळी सोय कशी करावी, हा विषय. आल्फ्रेड बिने त्या समितीत होता. त्याने सिमोनच्या मदतीने १९०५ मध्ये ३० प्रश्नांची कसोटी तयार केली. हेतू एकच: कोणाला मदत हवी ते कळावे. बुद्धी ही कायमची ठरलेली रक्कम आहे असे म्हणणाऱ्यांवर बिनेने १९०९ च्या पुस्तकात कडक टीका केली. या निराशेविरुद्ध लढले पाहिजे असे त्याने लिहिले आणि लक्ष, स्मरण, विचार यांच्या व्यायामांची योजनाही केली.

१९११ मध्ये बिने वारला. कसोटी अमेरिकेत पोचली होती, पण बिनेचे तत्त्वज्ञान तिच्याबरोबर गेले नाही. तिथे गॉडार्ड आणि टर्मन यांनी ती उचलली, आणि दोघेही बुद्धी मुख्यतः आनुवंशिक मानणारे होते. बुद्धिगुणांकाची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्नची. १९१६ च्या टर्मनच्या आवृत्तीने तो आकडा घरोघरी पोचवला. मदतीसाठी बनवलेली कसोटी शिक्का मारण्यासाठी वापरली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या स्थलांतरितांवरही ती चालवली गेली. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरवला.

प्रश्नांचे संच जवळपास तेच होते. 'बुद्धी वाढू शकते' आणि 'बुद्धी ठरलेली असते' ही दोन उत्तरे वेगळी होती. म्हणजे आपला पहिलाच प्रश्न! लॉक आणि लाइब्निझ यांचा वाद पुस्तकात राहिला असता तर एक वेळ चालले असते. पण तो माणसांच्या शरीरापर्यंत गेला.

हीच कसोटी आपल्याकडेही आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत कसोटी म्हणून ती आजही मुलांच्या बुद्धिमापनासाठी वापरली जाते. जाणकाराच्या हाती ती फार उपयोगी आहे; विशेष गरजा असलेल्या मुलाला योग्य मदत मिळण्याची वाट तिच्यातून निघू शकते. म्हणून माझा आक्षेप कसोटीवर नाही. आकडा हाती आल्यावर 'आता काय करू या?' विचारणारा शिक्षक आणि 'बघा, मी म्हणत नव्हतो?' म्हणणारा शिक्षक, यांच्यात जो फरक आहे तो कुठल्याही कसोटीत नसतो. तो तत्त्वज्ञानात असतो.

'पण सर, वेळ कुठे आहे?'

हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. एका वर्गात साठ मुले, ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणे, त्यात प्लेटो कुठे बसवायचा? दुसराही एक आक्षेप आहे: तत्त्वज्ञांनी नुसत्या गप्पा मारल्या, शास्त्र पुढे गेले ते प्रयोगांनी. यात तथ्य आहे. मज्जातंतूचा वेग चिंतनाने कळला नसता, आणि मोजताच येणार नाही म्हणणारे चुकले हेही खरे. प्रयोगाला पर्याय नाही.

पण काय मोजायचे आणि मोजून काय करायचे, हे प्रयोग सांगत नाही. विल्यम जेम्सने १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिक्षकांसाठीच्या व्याख्यानांत हेच समजावले आहे: मानसशास्त्र हे शास्त्र आहे, शिकवणे ही कला, शास्त्रातून कला आपोआप निघत नाही, मध्ये शिक्षकाची स्वतःची बुद्धी लागते.

वेळेचे म्हणाल, तर जास्तीचा तास नको. आहे तोच पाठ थोडा वळवून बघा:

१. वुंटचे नाव सांगण्याआधी मुलांना विचारा, 'राग मोजता येईल का? कसा मोजाल?' पाच मिनिटे वाद होऊ द्या. मग कांट आणि फेख्नर सांगा. नावे आपोआप लक्षात राहतील.

२. रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, समष्टिवाद यांचा तक्ता करताना 'जनक' आणि 'ग्रंथ' यांच्याबरोबर आणखी एक रकाना आखा: 'कोणत्या जुन्या प्रश्नाचे उत्तर?'

३. बी.एड.च्या विद्यार्थ्यांनो, पाठटाचणातल्या प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीने लिहा, 'का?' उत्तर सापडले नाही तर मार्गदर्शकांना विचारा. त्यांना विचारलेले आवडेल.

४. आणि आपण शिक्षकांनी महिन्यातून एकदा आपलीच वाक्ये तपासावीत. 'ढ' म्हणताना आपण कोणत्या बाजूला उभे असतो?

शेवटी एकच सांगतो. सत्र संपताना आपण प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितो. 'आकलन कमी आहे' आणि 'चित्र दाखवून सांगितले की समजते' या दोन्ही नोंदी एकाच मुलाबद्दल असू शकतात. पहिली वाचून पुढच्या वर्गाचे शिक्षक हात झटकतील, दुसरी वाचून चित्र शोधतील. टीईटीच्या पेपरात यावर प्रश्न येणार नाही. त्या मुलासाठी मात्र पुढचे वर्ष कसे जाईल हे यावरच ठरेल. तेव्हा या सत्राच्या नोंदी लिहायला बसाल, त्याआधी दहा मिनिटे या जुन्या तीन प्रश्नांना द्या. आणि तुमचे म्हणणे वेगळे असेल तर जरूर कळवा, वाद घालायला मला आवडेल.